परीक्षेची पोटदुखी

भाताच्या हंगामात घोटीच्या पेठेत वडीलधाऱ्यांना उसंत नसते आणि नेमकी त्याच सुमारास मुलांची सहामाही परीक्षा येते. सकाळी पोट दुखते, तळहात घामेजतात, चिडचीड वाढते. याला सोंग म्हणू नये. ‘जड कुठे वाटते, छातीत की पोटात?’ असे शांतपणे विचारावे. मग शेजारी बसून कायोत्सर्ग करवावा. हिशेबाची वही तेवढा वेळ थांबेल. सामायिकाची ४८ मिनिटे लहानग्यास जड जातात. इरियावहीनंतरच्या एका लोगस्सइतके २५ श्वास पुरेत. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा, म्हणजे हृदयाची धडधड मंदावते. दुखणे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मन मोकळे करण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही आहे.