उपग्रहाच्या घुमटावर ६४ अँटेना कशासाठी?

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळला भोरकडे वळले, की डोंगर जवळ येऊ लागतात. अशा डोंगरांची उंची दोन कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून काढता यावी, म्हणून ‘इस्रो’ने ५ मे २००५ रोजी ‘कार्टोसॅट-१’ सोडला.

छायाचित्रे जमिनीवर पाठवताना तबकडी फिरवली, तर कॅमेऱ्यालाही हादरा बसू शकतो. त्यामुळे उपग्रहावर गोलाकार पृष्ठभागावर ६४ छोट्या अँटेना बसवल्या. त्यांचा झोत यंत्र न हलवता वळतो.

मात्र वक्र पृष्ठभागावर प्रत्येक अँटेनाचे तोंड वेगळ्या दिशेला असते. सपाट मांडणीची सोपी सूत्रे तिथे अपुरी पडतात. म्हणून पृष्ठभागाचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकातील विद्युतप्रवाह संगणकावर काढतात. हे गणित चुकले, तर झोत भरकटतो. उपग्रह तर केंद्राच्या टप्प्यात काही मिनिटेच असतो.