शिक्षेचे माप आणि धोक्याचे माप

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये जो अत्याचार झाला, त्यातील एक आरोपी अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. तीन वर्षे सुधारगृहात काढून तो डिसेंबर २०१५ मध्ये सुटला आणि दोनच दिवसांत राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा संमत केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. न्या. वर्मा समितीने मात्र २०१३ च्या अहवालात वयोमर्यादा खाली आणण्यास नकार दिला होता. त्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न विचारला जात होता : हा मुलगा उद्या पुन्हा तेच करील काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्नही झालेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल कॉल्डवेल यांनी २०१६ मध्ये शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. तेहतीस हजारांवर किशोरांपैकी सुमारे पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेले पाच टक्क्यांच्या आसपास होते. हे आकडे नोंद झालेल्या गुन्ह्यांचे आहेत. असे गुन्हे पुष्कळदा पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत, तेव्हा ते किमान समजावेत. तरीही ‘एकदा केले तो पुन्हा करणारच’ या समजुतीला त्यांत आधार सापडत नाही. पुढे चोरी, मारामारी अशा अन्य गुन्ह्यांत सापडणाऱ्यांचे प्रमाण मात्र बरेच जास्त असते.

बँकेत माझी उमेदीची वर्षे कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. माणसाच्या देहावरील अत्याचाराला रुपयाचे माप लावणे मला रुचत नाही. पण त्या नोकरीने एक शिस्त शिकवली. बुडाले किती आणि पुन्हा बुडेल काय, हे दोन प्रश्न वेगळे. पहिल्याचे उत्तर खातेवहीत असते. दुसऱ्यासाठी त्या माणसाचा धंदा, सोबत आणि आजची परिस्थिती पाहावी लागते.

इथेही तसेच आहे. जेम्स वर्लिंग आणि निक्लास लाँगस्ट्रॉम यांनी २००३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. एकदा शिक्षा होऊनही पुन्हा गुन्हा, एकाहून अधिक बळी, अनोळखी व्यक्तीवर हल्ला, लहान मुलांविषयीचे विकृत आकर्षण, समवयस्कांपासून तुटलेपण आणि अर्धवट सोडलेले उपचार ही धोक्याची लक्षणे ठरली. कृत्य किती भीषण होते किंवा मुलगा गुन्हा कबूल करतो की नाही, यावरून पुढचे भाकीत करता येत नाही. आपला संताप नेमका या दोन गोष्टींवर पोसलेला असतो.

आपला कायदा काय विचारतो? बाल न्याय मंडळ प्राथमिक पाहणीत मुलाची गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती तपासते. हे तिन्ही निकष मागे पाहणारे आहेत. हे काम नाजूक आहे आणि त्यात मानसशास्त्रज्ञाची मदत हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. पुढे पाहण्याची सोयही कायद्यात आहे : प्रत्येक मुलासाठी पुनर्वसनाचा आराखडा, परिवीक्षा अधिकाऱ्याचा पाठपुरावा आणि एकविसाव्या वर्षी सुधारणेचे मूल्यमापन. खटला प्रौढासारखा चालवायचा की नाही, यावर आपण तावातावाने भांडतो. या आराखड्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

वास्तविक बदलता येण्याजोगे सारे त्या आराखड्यातच आहे. मिसूरीत चार्ल्स बोर्डुइन यांनी कुटुंब, शाळा आणि मित्रमंडळ यांना धरून केलेल्या उपचारांचा निष्कर्ष २००९ मध्ये मांडला. सुमारे नऊ वर्षांत उपचार घेतलेल्यांपैकी ८ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ४६ टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्याकडे वळले. मुले जेमतेम अठ्ठेचाळीस होती. पण दिशा कळते.

यात दयेचा प्रश्न नाही. जिच्यावर अत्याचार झाला तिला न्याय मिळालाच पाहिजे, शिक्षाही झाली पाहिजे. परंतु शिक्षा भोगून तो मुलगा विशी-बाविशीत बाहेर येणारच आहे, आपल्याच वस्तीत, आपल्याच लोकलच्या डब्यात. त्या दिवशी त्याच्यासोबत एखादा जाणता परिवीक्षा अधिकारी असेल की नुसता शिक्का, यावर अजून जिचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशा एखाद्या मुलीची सुरक्षितता अवलंबून आहे. त्या अधिकाऱ्याच्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकात आहे काय, हे आमदारांना विचारायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.