आधी पंप-नोझल, मग टर्बो
— बी. ए. द्वितीय वर्ष

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात इंजिनावर लिहावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. कविता नाही, प्रवासवर्णन नाही, हे काय? पण ज्या घरात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्या घरात रोजच्या जेवणाला जे विषय निघतात त्यांत गाडी पहिली असते. माझे वडील ट्रक चालवतात. ट्रक त्यांचा नाही, मालकाचा आहे. आणि सध्या त्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला भंगारातला टर्बो बसवावा, असे मालकाच्या मनाने घेतले आहे.

उमरखेडहून कापसाच्या गाठी किंवा हळद भरून गाडी नांदेडकडे निघाली, की नवी टर्बोची गाडी भरल्या मालानिशी सर्रकन पुढे जाते आणि आमची मागे धूर सोडत कण्हत राहते. मालकाला ते सलते. त्यात अस्वाभाविक काही नाही. गॅरेजवर त्यांना कोणीतरी सांगितले की टर्बो म्हणजे फुकटची ताकद. माझा वाद आहे तो या 'फुकट' शब्दाशी.

टर्बोची कल्पना तशी सुंदरच आहे. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले. पण इंजिनावर ते मनासारखे चालायला १९२५ साल उजाडले. म्हणजे ज्याने ते शोधले त्यालाही वीस वर्षे लागली. आमच्याकडे ते दोन दिवसांत होणार आहे म्हणतात!

आता आमचे इंजिन. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली, त्याच परंपरेतले हे ६९७. बोअर ९७ मिलिमीटर, स्ट्रोक १२८, सिलिंडर सहा. हिशेब केला तर ५६७५ घनसेंटिमीटर येतात. (हा हिशेब मी स्वतः केला, दहावीचे गणित अगदीच वाया गेलेले नाही.) पुढे १६१३ टीसीसारख्या गाड्यांवर याच घराण्याचे इंजिन टर्बोसह आले. मालक नेमका हाच दाखला देतात, की कंपनीने बसवला, मग आपण का नाही?

कंपनीने नुसता टर्बो बसवला नाही, हे याचे उत्तर. अमेरिकेत १९६२ साली शेव्हरोलेटने कॉर्व्हेअर या सहा सिलिंडरच्या मोटारीला टर्बो दिला, तेव्हा क्रँक अधिक मजबूत पोलादाची केली, झडपा बदलल्या आणि कॉम्प्रेशन बेताचे ठेवले. ती पेट्रोलची गाडी. पेट्रोलमध्ये दाब वाढला की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटून पिस्टनवर हातोडा बसतो. डिझेलमध्ये ती भीती नाही, पण दुसरी आहे. नुसती हवा वाढवली तर धूर कमी होईल, ताकद फारशी वाढणार नाही. ताकदीसाठी पंपाचे डिझेल वाढवावे लागते. डिझेल वाढले की उष्णता वाढते, आणि ती झेलायची कोणी? त्याच जुन्या पिस्टनने, त्याच हेडच्या पॅकिंगने, अर्ध्या बुजलेल्या त्याच रेडिएटरने.

सहा सिलिंडरची आणखी एक गंमत आहे. आग १-५-३-६-२-४ या क्रमाने लागते. पुढच्या तीन सिलिंडरचा धूर एका नळीतून आणि मागच्या तिघांचा दुसऱ्या नळीतून टर्बोपर्यंत नेला, तर एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही, चक्राला सारखे धक्के मिळतात. भंगारातला टर्बो कोणत्या इंजिनाचा, त्याचे तोंड एक की दोन, हे पाहिल्यावाचून त्याला आपल्या मॅनिफोल्डवर वेल्डिंगने चिकटवणे म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून यात्रेला निघणे.

आणि तेल! टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल काळे झालेले, परतीची नळी वाकडी, किंवा भरधाव आलेली गाडी ढाब्यावर थांबताच चावी बंद केली, की त्याचे आयुष्य संपले. बाबा म्हणतात, "इंजिनले हवा पाजाल बाप्पा, पण त्याचं पोट कोन पाहीन?" त्यांचे शिक्षण चौथी. मला हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा नेमके वाटते.

कायद्याचेही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. पण कायद्याआधी मला आठवतो तो ड्रायव्हर. टर्बो बसला की मालक दोन टन जास्त भरणार, यात शंका नको. ब्रेक तेच, पाटे तेच. पॅकिंग उडून गाडी रात्री रस्त्यात पडली तर मालक घरी असतील आणि बाबा गाडीखाली. खोळंब्याचे दिवस पगारातून कापले जाणार ते वेगळेच; मागच्या पोळ्याला तसे झालेच होते.

आपल्याकडे जुगाडाचे कौतुक फार. मीही करतो, बंद पडलेली मोटार तारेच्या तुकड्यावर चालू करणारा मिस्त्री मला कलावंतच वाटतो. परंतु अडलेले काम भागवणे वेगळे आणि धडधाकट नसलेल्या इंजिनावर जास्त ओझे लादणे वेगळे. आमच्या गाडीचा धूर काळा आहे, तो मुख्यतः थकलेल्या नोझलांचा आणि बिघडलेल्या पंपाचा आहे, असे बाबांचे मत आहे आणि मला ते पटते. रिंगा पाहाव्यात, रेडिएटर उकळून घ्यावा, हवेची जाळी बदलावी. त्यानंतरही ताकद कमीच वाटली, तर कंपनीचे टर्बोसह आलेले इंजिन असलेली जुनी गाडी शोधावी.

मालकांचा निर्णय व्हायचा आहे. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की गाडीला उभे राहायला एक दिवस मिळणार नाही, तेव्हा करायचे ते त्याआधीच. पंप आणि सहा नोझलांच्या कामाचा अंदाज मी गॅरेजवर विचारून वहीच्या पानावर मांडून दिला आहे. पान सध्या बाबांच्या खिशात आहे.