पावणेदोन भागिले अर्धा

पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे ज्या भाषेने पिढ्यान्‌पिढ्या घोकले आणि एक पूर्णांक तीन चतुर्थांश ह्या अवजड संख्येला ‘पावणेदोन’ असे सुटसुटीत नाव दिले, त्या भाषेच्या वाचकाला पावणेदोन भागिले अर्धा म्हणजे साडेतीन, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु ह्याच भागाकाराला तंतोतंत लागू पडेल असे व्यवहारातले एक उदाहरण रचून दाखवा, अशी विनंती केली, तर चांगले शिकलेसवरलेले गृहस्थही ‘पावणेदोन भाकरी दोघांत वाटल्या’ असे म्हणून मोकळे होण्याचा संभव असतो. आणि दोघांत वाटणे म्हणजे दोनाने भागणे, अर्ध्याने नव्हे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. पावणेदोन लिटर दुधाची अर्ध्या लिटरची मापे किती भरतील, असे विचारले म्हणजे त्या भागाकाराचा अर्थ प्रकट होतो. रीत येणे आणि रीतीचा अर्थ कळणे ह्यांमधील हे अंतर मोजण्यात लिपिंग मा ह्या विदुषीची विद्वत्ता खर्ची पडली, आणि त्यांचे चरित्र आपल्या शिक्षणव्यवस्थेने मनावर घ्यावे असे आहे.

शांघायमध्ये त्यांचे शिक्षण जेमतेम आठ इयत्तांचे झाले होते, तोच सांस्कृतिक क्रांतीचे वादळ उठले, आणि शेतकऱ्यांकडून नवे धडे घ्यावेत ह्या फर्मानानुसार शहरातील असंख्य तरुणांबरोबर त्यांचीही रवानगी दक्षिण चीनमधील एका डोंगराळ, दरिद्री खेड्यात झाली. काही महिन्यांतच गावाच्या प्रमुखाने त्यांना शाळेत शिकवण्यास सांगितले. ज्या वयात स्वतः शिकायचे, त्या वयात एका खोलीत दोन वर्ग बसवून सारे विषय शिकवण्याची जबाबदारी अंगावर घेऊन ह्या मुलीने सात वर्षांत पाचही इयत्ता हाताळल्या, मुख्याध्यापकपद सांभाळले, आणि पुढे साऱ्या परगण्याच्या प्राथमिक शाळांची देखरेख तिच्याकडे आली. त्यानंतर शांघायच्या पूर्व चीन नॉर्मल विद्यापीठात अध्ययन, तेथून अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठ, आणि अखेर स्टॅनफर्ड येथे ली शुलमन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. ‘नोइंग अँड टीचिंग एलिमेंटरी मॅथेमॅटिक्स’ हा त्यांचा ग्रंथ 1999 साली प्रसिद्ध झाला.

ह्या ग्रंथासाठी त्यांनी अमेरिकेतील 23 आणि चीनमधील 72 प्राथमिक शिक्षकांची उत्तरे पडताळली. प्रश्न चारच, आणि सारे लहान मुलांच्या गणितातले. त्यांपैकी एक प्रश्न आरंभी दिलेल्या भागाकाराचाच होता. चीनमधील 72 ही शिक्षकांचे उत्तर बरोबर आले आणि त्यांच्यापैकी 65 जणांनी त्यास अनुरूप अशी ऐंशीहून अधिक उदाहरणे रचली. अमेरिकेतील केवळ 9 शिक्षक अचूक उत्तरापर्यंत पोचले आणि अर्थाला धरून असलेले उदाहरण एकालाच रचता आले. विशेष हे की अमेरिकन शिक्षक पदवीधर होते, तर चिनी शिक्षकांचे एकूण शिक्षण अकरा-बारा वर्षांहून अधिक नव्हते.

दुसरा प्रश्न हातच्याच्या वजाबाकीचा होता. बावन्नातून पंचवीस वजा करताना दोनातून पाच जात नाहीत, सबब शेजारून एक उसना आणावा, एवढ्यावर अनेक अमेरिकन शिक्षकांचे स्पष्टीकरण संपत असे. चिनी शिक्षक बहुतांशी वरच्या स्थानाचे एकक मोडण्याची भाषा बोलत. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘दशक सुटा करणे’ हा समर्पक शब्दप्रयोग तोच आशय सांगतो. उसने आणलेले कधी तरी परत करावे लागते. दशक सुटा केला असता मात्र संख्या तीच राहते, केवळ तिची मांडणी बदलते, आणि हे ज्या मुलाला उमगले त्याला बेरजेतला हातचा निराळा शिकवावा लागत नाही.

इतक्या थोड्या शिक्षकांवरून दोन राष्ट्रांची तुलना करणे धाडसाचे होईल, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु ह्या संशोधनाचे खरे मोल त्या तुलनेहून त्यातून निघालेल्या कारणमीमांसेत आहे. अल्पशिक्षित चिनी शिक्षकांच्या ठायी ही सखोल समज कोठून आली, ह्याचा शोध घेता लिपिंग मा ह्यांना असे आढळले की, ती मुख्यत्वे नोकरीत आल्यावर, शिकवता शिकवता आलेली होती. तेथील शिक्षक दिवसाकाठी फार तर तीन-चार तासिका घेत, आणि उरलेल्या वेळात सहकाऱ्यांच्या सान्निध्यात वह्या तपासत, पाठ्यपुस्तकातील एकेका उदाहरणाची चिकित्सा करत, ते येथेच का आले आणि दुसऱ्या कोणत्या रीतीने सुटेल ह्याची चर्चा करत. प्राथमिक गणित हा विद्वानांच्या अभ्यासाला पुरून उरणारा विषय आहे, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेला वेळापत्रकात जागा होती.

आपल्याकडे ती जागा आहे काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकांना शिक्षणबाह्य कामांना जुंपण्यास मनाई केली खरी, तरी जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका ही कामे अपवाद म्हणून ठेवलीच. शिवाय रोजची माहिती, तक्ते आणि अहवाल ह्यांची कारकुनी वेगळीच. गणित कच्चे राहिले की आपण शिक्षकाला आणखी एका प्रशिक्षणाला धाडतो. ज्या दैनंदिन चिंतनातून शिक्षक घडतो, त्यासाठी सवड मात्र देत नाही.

सुदैवाने त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. केंद्राकेंद्रांतून शिक्षण परिषदा भरतात. पुढील परिषदेत केंद्रप्रमुखांनी परिपत्रकांचे दप्तर क्षणभर मिटावे, फळ्यावर ‘पावणेदोन भागिले अर्धा’ एवढेच लिहावे, आणि जमलेल्या प्रत्येक शिक्षकाला आपले एकेक उदाहरण रचण्यास सांगावे. भाकरी दोघांत वाटणारे कोणी निघाले तर त्यात शरमेचे काही नाही. दुधाची मापे मोजणारा सहकारी शेजारीच बसलेला असेल, आणि त्या दोघांच्या संवादाला जेवढा वेळ आपण मोकळा करून देऊ, तेवढेच आपल्या मुलांचे गणित सुधारेल.