घाम, वास आणि अंगभर डिओ

परवा शनिवारी कपाट आवरताना डिओच्या सहा बाटल्या निघाल्या. सहा! त्यातली एक नव्या फॅशनची, 'होल बॉडी' डिओ. काखेतच कशाला, पाठ, मांड्या, पाय... कुठेही लावा म्हणे.

ती घेतली त्याचं कारण सांगतो. एप्रिलमध्ये मीटिंगसाठी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघालो होतो. शेजारच्या काकांनी काही न बोलता खिडकी वर केली. बास! मीटिंगमध्ये प्रश्न विचारायला हात वर करायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

मग इंजिनिअर माणूस, आधी बग समजून घेतला. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतोच. अंगभर येतो तो घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, अंग गार ठेवायला. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांच्या स्रावात प्रथिनं आणि चरबी असते. ती त्वचेवरचे जिवाणू फस्त करतात, आणि वास हा त्यांचा उद्योग.

अँटिपर्स्पिरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीला बूच मारतात. डिओ फक्त जिवाणूंना आवरतो, वर सुगंध. अंगभर लावायचे डिओ बहुतेक बिनअ‍ॅल्युमिनियमचे. म्हणजे वास कमी होईल, घाम नाही. आणि थांबूही नये हो! नाशिकचा पारा चाळिशीला टेकल्यावर अंग गार कोण करणार?

महिनाभर वापरला. वास कमी, शर्ट तितकाच ओला. पुढचा महिना दोन वेळा आंघोळ, रोज धुतलेला सुती शर्ट आणि काखेत तुरटी. (तुरटी हासुद्धा अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार बरं का!) मला तरी फरक जाणवला नाही.

तेव्हा माझं मत: वस्तू खोटी नाही, पायांना वगैरे उपयोगी आहे. पण काखेपुरती असलेली लाज अंगभर पसरवून विकायची, हे मला पटत नाही. घाम खरंच अति येत असेल किंवा वास अचानक बदलला असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं, दुकानात नव्हे.

बाबा सातपूर एमआयडीसीतून पहिली शिफ्ट करून यायचे तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. त्या वासाची आम्हाला कधी लाज वाटली नाही. बाबा आले, एवढंच कळायचं. मग एसीत बसणाऱ्या मला सहा बाटल्या कशाला लागल्या?

असो. काकांना तेव्हाच विचारायला हवं होतं. एप्रिल महिना होता, कदाचित त्यांना नुसतंच उकडत असेल.