सातबारा नसलेल्याचे काय?

विदर्भात कर्जमाफीची मागणी पेटली की महालातील आमच्या कार्यालयात माणसे सातबारे घेऊन येतात. त्यांच्या मागे एखादा शेतमजूरही उभा असतो. त्याच्या हातात कागदच नसतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी नागपूरजवळ वर्धा मार्ग रोखला. अशी आंदोलने केवळ पुढाऱ्यांच्या भाषणांनी उभी राहत नाहीत. बियाणे, खत, औषध यांचा भाव विकणारा ठरवतो आणि कापसाचा भाव मात्र घेणारा ठरवतो, हे त्यामागचे मूळ दुखणे आहे. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी आली आणि घेणारा म्हणून सरकारच समोर उभे राहिले. १९८० मध्ये चाकण-नाशिक भागात शरद जोशींनी कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते अडवले, तेव्हा रास्त भावाच्या एककलमी मागणीमागे शेतकरी उभा राहिला तो याच अनुभवातून. हा राग खरा आहे.

परंतु ‘इंडिया विरुद्ध भारत’ अशी रेघ ओढली की गावातील रेघ पुसली जाते. जमीनवाला, वाटेकरी, मजूर सगळेच ‘शेतकरी’ होतात. भाव मिळाला की मजुरीही वाढेल, असे जोशींचे म्हणणे होते. जातीची उतरंड असलेल्या गावात मजुरी केवळ भावावर ठरते काय?

२०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी ११.८८ कोटी, तर शेतमजूर १४.४३ कोटी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये ५,२०७ शेतकऱ्यांनी आणि ६,०८३ शेतमजुरांनी आत्महत्या केल्या. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या मात्र कर्जखात्यांवर बेतलेल्या होत्या. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. पीककर्ज नाही म्हणून माफी नाही. सावकाराचे देणे तसेच राहते.

बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कायदेमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्या लढ्यात कुळवाडी कुणबी आणि महार एकत्र होते, कारण प्रश्न जमिनीच्या मालकीचा होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तोही त्याच वाटेने.

शेतकरी नेत्यांनी भाव जरूर मागावा, आम्ही सोबत आहोत. मात्र त्याच निवेदनात मजुरीचा दर, वाटेकऱ्याची नोंद आणि गायरान कसणाऱ्याच्या नावाचा पट्टा या मागण्याही असल्या पाहिजेत. त्या नसतील, तर आंदोलन जिंकल्यावरही आमचा माणूस रिकाम्या हातानेच उभा राहील.