शास्त्रचर्चा : लाटेचें गणित आणि भाट्याची खाडी

ता. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहाटे मकराणच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशीं प्रचंड भूकंप झाला. पस्नी गांवाची मोठी हानि झाली, आणि त्याच सकाळीं मुंबईस लाट येऊन पंधरा माणसें वाहून गेलीं. अशी लाट पुन्हां आल्यास रत्नागिरीच्या किनाऱ्याशीं ती किती चढेल, हा प्रश्न कोंकणांतील प्रत्येक कुटुंबाचा आहे. आज त्याचें उत्तर संगणकावर काढतां येतें; परंतु उत्तर मिळणें आणि तें विश्वसनीय असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी होत.

गणिताची रीत अशी. समुद्राच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी आंखतात. प्रत्येक घरास तेथील सरासरी खोली देतात, आणि भूकंपानें उचललेलें पाणी एका घरांतून दुसऱ्यांत कसें जाईल, हें संगणक क्षणाक्षणाचा हिशेब करून सांगतो. तीन हजार मीटर खोल पाण्यांत ही लाट ताशीं सुमारें ६०० किलोमीटर धांवते. दहा मीटर खोलींत अवघी ३६. ज्या बंदरांत भरतीमापक यंत्र असतें, तेथील घरांत पाणी किती चढलें-उतरलें हें काढून यंत्राच्या नोंदीशीं ताडून पाहतात. दोन्ही रेषा जुळल्या नाहींत, कीं नवशिक्याचा हात प्रथम भूकंपाच्या आंकड्यांकडे जातो. तळ थोडा अधिक उचललेला धरला म्हणजे लाट मोठी होते व रेषा जुळूं लागते. ही घाई घातक होय. आधीं तीन गोष्टी तपासाव्या.

पहिली, यंत्राची जागा. भरतीमापक धक्क्यावर असतो, आणि भरड जाळींत धक्क्याची जागा पुष्कळदां जमिनीच्या घरांत पडते. मग लाट येवो वा न येवो, रेषा सपाटच राहते. तिची उंची ही पाण्याची नसून जमिनीची असते. अशा वेळीं जवळचें पाण्याचें घर निवडावें, व तेथील खोली प्रत्यक्षाशीं मिळती आहे कीं नाहीं, हें पाहावें.

दुसरी, शून्य आणि घड्याळ. यंत्राचें शून्य बहुधा ओहोटीच्या पातळीजवळ असतें. गणिताचें शून्य समुद्राच्या सरासरी पातळीवर. शिवाय नोंदींतून नेहमींची भरती-ओहोटी वजा करावी लागते. घड्याळाचें प्रकरण तर याहून नाजूक. मुंबई शहरांत १९५५ पर्यंत ‘मुंबई टाइम’ चालत असे, व तो भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें होता. मुंबईच्या नोंदींतील लाटांचें आवर्तन सुमारें २२ मिनिटांचें आहे. म्हणजे घड्याळाची गल्लत झाल्यास एका लाटेचा माथा दोन लाटांपलीकडच्या माथ्याजवळ बसून सर्व कांहीं जुळल्याचा भास होईल!

तिसरी, जाळी. एका कलेची, म्हणजे सुमारें १८५० मीटर बाजूचीं घरें खोल समुद्रांत पुरेशीं आहेत. तेथें लाटेची लांबीच कित्येकशें किलोमीटर असते. पण रत्नागिरीस रत्नदुर्गाचें भूशिर व भाट्याच्या खाडीचें मुख एवढ्या मोठ्या घरांत दिसावें कसें? खाडी एका घराच्या पोटांत नाहींशी होते, आणि तिच्यांतून आंत शिरणारें पाणीहि हिशेबांतून जातें. बाजू निम्मी केली तर घरें चौपट होतात, क्षणहि निम्मा घ्यावा लागतो, व काम आठपट वाढतें. म्हणून बाहेर भरड आणि किनाऱ्याशीं बारीक अशा जाळ्या एकींत एक बसवितात. मात्र खोलीचीं मापें जुनींच ठेवून घरें बारीक करणें व्यर्थ. एक वाटी वरण चार वाट्यांत ओतल्यानें वाढत नाहीं. कसोटी सोपी आहे : जाळी निम्मी केल्यावर उत्तर फारसें बदललें नाहीं, तरच त्यावर भरंवसा ठेवावा.

हें सर्व करून रेषा जुळली, तरी काम संपत नाहीं. हैदरजादे व साताके यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत कराची आणि मुंबई येथील नोंदी गणितानें उत्तम जुळल्या. पण तेवढ्यावर न थांबतां ओरमारा येथील किनारा भूकंपांत वर उचलला गेल्याचा उलगडा त्याच गणितानें होतो कीं नाहीं, हेंहि त्यांनीं तपासलें. साक्षीदार दोनच असले, म्हणजे ते गप्प आहेत त्या बाबतींत सावध राहावें.

तात्पर्य, रत्नागिरीस लाट अमुक मीटर चढेल असें कोठें छापून आलें, तर किनाऱ्याशीं जाळीचें घर केवढें होतें आणि खोलीचीं मापें कोठलीं, हे दोन प्रश्न वाचकांनीं अवश्य विचारावे. आणि हैदराबादच्या केंद्रांतून, जेथें २००७ पासून त्सुनामीची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था आहे, इशारा आला, तर मात्र कोणताहि प्रश्न न विचारतां मुलांमाणसांसह उंचावर जावें. मकराणाहून निघालेली लाट येथवर येण्यास कांहीं तास लागतात; तेवढा अवधि शहाण्यास पुरेसा आहे.